न खपलेल्या नांगराची दोन वर्षे : बेळगावातील एक प्रकरण

वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षाला उद्योजकता हा विषय शिकवताना मी दरवर्षी एकच प्रकरण सविस्तर घेतो आणि ते आमच्या गावातलेच आहे. बेळगावच्या बाजारपेठेतील ज्या किर्लोस्कर रोडवर आमची मुले रोज दुचाक्या लावायला जागा शोधतात, त्या रस्त्याला ते नाव का पडले, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते ते गोष्ट चार वाक्यांत संपवतात : लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला, शेतकऱ्यांनी तो घेतला नाही, दोन वर्षे एकही खपला नाही, पण त्यांनी धीर सोडला नाही आणि शेवटी यश आले. वरवर पाहता या चारही वाक्यांत चूक काही दिसत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यांच्या मध्ये मात्र जे आहे ते सगळे गळून पडते, आणि प्रकरण म्हणून अभ्यासण्यासारखे जे काही आहे ते नेमके तिथेच आहे.

काही वर्षांपूर्वी सौंदत्तीकडच्या एका विद्यार्थ्याने ही गोष्ट ऐकून घेतली आणि विचारले, ‘सर, ती दोन वर्षं घर कुणी चालवलं?’ वर्गात हशा पिकला. मला मात्र उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून हे प्रकरण मी त्या प्रश्नाच्या बाजूने मांडत आलो आहे.

पार्श्वभूमी

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही त्याच गावचे. घराण्याचे आडनाव मात्र मालवणाकडील किर्लोसी गावावरून आलेले. वडील वेदान्ताचे अभ्यासक होते आणि मुलाने शाळेत नीट शिकावे ही त्यांची साधी अपेक्षा होती. शाळेत मुलाचे मन लागत नव्हते, चित्रे काढण्यात आणि यंत्रांत लागत होते. वडिलांच्या मनाविरुद्ध तो १८८५ मध्ये मुंबईला जे. जे. कला शाळेत गेला आणि तिथला खर्च थोरले बंधू रामूअण्णा यांनी उचलला. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे प्रत्येक वळणावर ते पुन्हा येणार आहे.

दोन वर्षांनी लक्ष्मणरावांच्या ध्यानात आले की आपल्याला काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या आयुष्यात याहून स्पष्ट नकार दुसरा कोणता असेल? आपण चिकाटीच्या गोष्टी ज्या चालीवर सांगतो, त्या चालीने पाहिले तर त्यांनी रंगांशी झगडत राहायला हवे होते. त्यांनी तसे केले नाही. रंग सोडले, रेषा ठेवली. यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत त्या विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले. शिकवून उरलेला वेळ ते तिथल्या कार्यशाळेत काढीत आणि यंत्रे चालवायला शिकत. पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

बेळगावात धंदा सायकलींचा होता. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि ज्यांनी घेतल्या त्यांना चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ पासून मोजतो तो या दुकानापासून. दुकानाच्या नावात ‘ब्रदर्स’ हा शब्द होता, म्हणजे पाटीच अनेकवचनी होती. आपण ही हकीकत एकवचनात सांगण्याची सवय लावून घेतली आहे, आणि त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या सवयीखाली झाकले गेले आहे.

नांगर का खपला नाही

सायकलीच्या दुकानाला जोडून लहानसा कारखाना निघाला आणि त्यात कडबा कापण्याची यंत्रे व पाठोपाठ लोखंडी नांगर तयार होऊ लागले. नांगर पडून राहिले. त्याचे कारण म्हणून नेहमी एकच गोष्ट सांगितली जाते : लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. अशी समजूत होती हे खरे आहे. ती आपल्याकडच्या अडाणीपणाची खूण आहे, असे मात्र मुलांनी उत्तरपत्रिकेत लिहिले की मी त्यावर काट मारतो. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ मध्ये बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिथल्या गोऱ्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटले होते की लोखंडाने जमीन नासते आणि तण माजते. शंभर वर्षांच्या अंतराने, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या दोन शेतकरी समाजांनी तोच आक्षेप घेतला असेल, तर त्या आक्षेपाच्या पोटात समजुतीखेरीज आणखी काही आहे का, हे तपासायला हवे.

माझ्या मते तीन गोष्टी होत्या. पहिली गोष्ट पैशाची. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यात करून देत असे आणि त्याचा मोबदला सुगीला धान्यात दिला जाई. नांगर मोडला तर दुरुस्तीही त्याच बलुत्यात होई. लोखंडी नांगर रोख पैसे मोजून घ्यावा लागे. रोख रक्कम शेतकऱ्याच्या हाती क्वचितच असे आणि ती उभी करायची तर सावकाराच्या दारात जावे लागे. सहकारी पतपुरवठ्याचा कायदा १९०४ मध्ये आला आणि आमच्या शेजारच्या गदग भागातील कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था निघाली ती १९०५ मध्ये. म्हणजे लक्ष्मणराव नांगर विकायला निघाले तेव्हा तो विकत घेण्यासाठी कर्ज देणारी यंत्रणा नुकतीच कुठे जन्माला येत होती.

दुसरी गोष्ट बैलांची. लाकडी नांगर जमीन चिरतो, उलटवत नाही. तास उथळ पडते आणि ते काम हलके असते. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळणदार पाटा असतो, तो मातीची पट्टी उचलून उलटी टाकतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडील काळ्या रेगडीत हरळी आणि कुंदा या तणांची मुळे खोल जातात, ती उपटून वर आणायची तर हाच नांगर हवा. पण एवढी जड माती उलटवायला एका जोडीने भागत नाही, दोन-दोन, कधी त्याहून अधिक जोड्या जुंपाव्या लागतात. आणि काळ कोणता होता? मुंबई इलाख्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ येऊन गेले होते, त्यांत गुरे मोठ्या संख्येने मेली होती आणि भरीला प्लेगही होता. ज्याच्या दावणीला एकच जोडी उरली आहे, त्याला चार बैलांचे औत दाखवणे म्हणजे उपाशी माणसाला पंगतीचे वर्णन ऐकवण्यासारखे आहे. खानापूरकडच्या पावसाळी भातखाचरात तर या नांगराची गरजही तितकीशी नव्हती. तेव्हा ‘बेळगावचा शेतकरी’ असा एकच एक ग्राहक मुळात नव्हताच.

तिसरी गोष्ट धातूची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बीड कठीण असते, पण ठिसूळही असते. दगडावर आपटले की वाकत नाही, तुकडा पडतो. लाकडी नांगराची लोखंडी पट्टी झिजली तर गावचा लोहार ती भात्यावर तापवून ठोकून देतो. बिडाचा फाळ मोडला तर लोहार काहीच करू शकत नाही, कारण बीड ठोकून सांधता येत नाही. शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर तो एक अवजार घेत नव्हता. गावातली दुरुस्ती सोडून बेळगावच्या एका अनोळखी कारखान्यावर कायमचा विसंबत होता. पेरणीच्या तोंडावर फाळ मोडला आणि नवा मिळाला नाही, तर वर्ष गेले. ‘लोखंडाने जमीन नासते’ हे वाक्य ऐकायला भाबडे वाटते. पण या वस्तूने माझी शेती माझ्या हातातून जाईल, या भीतीला जेव्हा दुसरे शब्द सापडत नाहीत, तेव्हा माणसे असेच काहीतरी बोलतात.

यातूनच पुढच्या धंद्याची दिशा ठरली, असे मी मानतो. नांगराच्या धंद्यात खरी विक्री फाळांची असते. नांगर एकदा जातो, फाळ दर हंगामाला लागतो. फाळाचा साचा भरताना एका बाजूस लोखंडाची थंड पट्टी ठेवली की रस त्या बाजूने एकदम गोठतो आणि तेवढा भाग अतिशय कठीण होतो; मग वरची मऊ बाजू आधी झिजते, खालची कठीण कड टिकते आणि फाळ वापरता वापरता आपोआप धारदार राहतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ मध्येच याचे पेटंट घेतले होते. ज्ञान जगात होते. ते बेळगावच्या भट्टीत आणि बेळगावच्या ओताऱ्याच्या हातात उतरवणे, हे काम मात्र कोणत्याही पेटंटच्या कागदावर लिहिलेले नसते. एकेक साचा फुकट घालवूनच ते शिकावे लागते.

दोन वर्षांचा हिशेब

पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. उद्योजकतेच्या वर्गात हे वाक्य उच्चारले की मुले भारावून जातात. मी त्यांना वही उघडायला सांगतो आणि जमाखर्च मांडायला लावतो, आकड्यांशिवाय, नुसत्या बाबी. खर्चाच्या बाजूला बीड, कोळसा, जागेचे भाडे, कामगारांची मजुरी आणि घरखर्च या बाबी येतात; लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांचा जन्म १९०३ चा, म्हणजे घरात तान्हे मूल याच सुमाराचे. जमेच्या बाजूला नांगरासमोर शून्य. मग उरलेली जमा आली कुठून?

सायकली होत्या. कडबा कापण्याचे यंत्र होते, आणि त्याची गोष्ट नांगरापेक्षा अगदी वेगळी होती. ज्वारीचा कडबा अखंड पेंढीने टाकला की गुरे पाने खातात आणि बुडखे तुडवतात. कुट्टी केली की सगळे पोटात जाते. हा फायदा शेतकऱ्याला त्याच संध्याकाळी गव्हाणीत दिसतो, त्यासाठी हंगाम संपण्याची वाट पाहावी लागत नाही आणि यंत्र बिघडले तरी पेरणी अडत नाही. दुष्काळातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला वैरणीचे मोल समजावून सांगावे लागत नाही. एकाच कारखान्यातल्या दोन वस्तू, एकच ग्राहक, एकच धातू. एकीवर फार मोठा विश्वास टाकावा लागत होता, दुसरीवर थोडासा.

आणि तिसरा आधार रामूअण्णांचा. कला शाळेचा खर्च त्यांनी उचलला होता, बेळगावचा धंदा त्यांच्या साथीने उभा राहिला, आणि पुढे किर्लोस्करवाडीची वसाहत आखण्याचे व तिची व्यवस्था पाहण्याचे काम त्यांनीच केले. धाकटा भाऊ एका वस्तूपाठोपाठ दुसरी वस्तू करून पाहत असताना थोरल्याने घराची आणि धंद्याची घडी सांभाळली. या श्रमाला हिशेबाच्या वहीत स्वतंत्र खाते नसते, म्हणून तो इतिहासात बहुधा एका ओळीत आटोपतो. लक्ष्मणरावांचे कर्तृत्व यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण ज्याच्या पाठीशी रामूअण्णा नाहीत अशा तरुणाला ‘दोन वर्षे थांब, लक्ष्मणराव थांबले होते’ असा उपदेश करणारे लोक मी आमच्या भागातल्या सत्कार समारंभांत पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्या भाषणाला टाळ्या वाजवताना माझे हात जड होतात.

जानेवारी १९१०

नांगर पुढे खपू लागले. सर्वांत कठीण भाग संपला असे वाटावे अशा वेळी बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितले. हा धक्का आधीच्या सगळ्या धक्क्यांपेक्षा वेगळ्या जातीचा होता. रंग दिसत नाहीत म्हणून दुसरी विद्या धरता येते, बढती नाकारली म्हणून नोकरी सोडता येते, नांगर खपत नाही म्हणून फाळ सुधारता येतो. या प्रत्येक वेळी आपल्या हातात करण्यासारखे काहीतरी असते. भट्टी उभी आहे, कामगार शिकून तयार झाले आहेत, माल मागितला जातो आहे आणि पायाखालची जमीनच काढून घेतली जात आहे, अशा वेळी सुधारायचे काय? १९१० च्या जानेवारीत लक्ष्मणराव पुरते खचले होते, अशी नोंद आहे. या नोंदीवर मी वर्गात मुद्दाम थांबतो, कारण ‘त्यांनी कधीही धीर सोडला नाही’ हे चौथे वाक्य इथे खोटे ठरते. त्यांनी धीर सोडला होता.

त्यातून मार्ग निघाला तो बाहेरून. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी नोव्हेंबर १९०९ मध्ये, म्हणजे जेमतेम दोनच महिन्यांपूर्वी, गादीवर आले होते. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर माळजमीन देऊ केली आणि कारखान्यासाठी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान, आणि त्यात नाग. बेळगावची जागा सोडून पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह त्या माळावर राहायला गेले. कामगार गेले या गोष्टीकडे पाहावे. पगार देण्याची खात्री नसलेल्या मालकाच्या मागे, बाजारपेठेतले गाव सोडून, सापांच्या रानात राहायला जाणाऱ्या पंचवीस कुटुंबांच्या चिकाटीविषयी आपल्याकडे एकही व्याख्यान होत नाही.

माळावर जमलेली माणसेही मोठी मासलेवाईक होती. शंभुराव जांभेकर यंत्रांचे जाणकार, मंगेशराव रेगे हिशेबाचे, अनंतराव फाळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले पण हाताने वाटेल ते घडवणारे. आणि रात्रीच्या राखणीला तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग, हे दोघेही दरोड्यासाठी शिक्षा भोगलेले. पुढे वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम झाला. स्वतःला अनेकदा नाकारले गेलेला माणूस दुसऱ्यांना नाकारताना दहादा विचार करतो, असे म्हणण्याचा मोह होतो. पण नाकारले गेलेले सगळेच असे वागत नाहीत, तेव्हा मी तो मोह आवरतो आणि एवढेच नोंदवतो की ज्यांना दुसरीकडे कोणी उभे केले नसते, अशा माणसांवर या कारखान्याची पहिली वर्षे निभावली.

तिथून पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. वसाहत किर्लोस्करवाडी झाली, स्थानकाचे नावही तेच झाले, १९२० मध्ये कंपनीची नोंदणी झाली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना झाली आणि त्यांचे जन्मगाव व बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, वाडी मुंबई राज्यात राहिली. आज मिरजेवरून रेल्वेने वाडीला जाता येते. आमच्या बेळगावकरांना तो प्रवास परराज्याचा वाटत नाही, पण कागदावर तो तसा आहे.

बेळगावापुरते बोलायचे तर, ज्या गावाने ओतकामाचा पहिला मोठा कारखाना जाऊ दिला, त्याच गावात पुढे फौंड्र्यांची दाटी झाली. उद्यमबागेत सकाळच्या पाळीच्या वेळी उभे राहिले तर सायकलींऐवजी मोटारसायकली दिसतात, पण डबे तेच, काळवंडलेले हात तेच आणि हवेतला जळक्या वाळूचा वासही तोच.

प्रकरण संपवताना मी विद्यार्थ्यांना प्रश्न घालतो : तुम्ही लक्ष्मणरावांचे सल्लागार असता तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस काय सुचवले असते? बहुतेक जण ‘नांगर चालू ठेवावा’ असे लिहितात, कारण त्यांना शेवट ठाऊक असतो. मग मी शेवट झाकायला सांगतो. समोर दोन वर्षांचे शून्य आहे, सायकली आणि कडब्याची यंत्रे यांवर दुकान चालले आहे, घरात लहान मूल आहे आणि थोरला भाऊ अजून काही बोललेला नाही, एवढेच माहीत आहे असे समजा. तेव्हा उत्तरे फुटतात. खानापूरकडच्या मुली हटकून लिहितात की नांगर दुष्काळी काळ्या पट्ट्यात भाड्याने द्यावा, विकू नये. निपाणीच्या व्यापाऱ्यांची मुले उधारीवर द्यावा म्हणतात आणि वसुली कशी करायची यावर दोन पाने खर्च करतात. एकाने लिहिले होते, नांगराबरोबर चार फाळ आधीच बांधून द्यावेत. तो मला आजवर मिळालेला सर्वोत्तम सल्ला आहे.

सौंदत्तीकडच्या त्या मुलाने त्या वर्षी सल्ला लिहिलाच नाही. त्याने जमाखर्चाचा तक्ता मांडला, सगळ्या बाबी नीट लिहिल्या, जमेच्या बाजूला शेवटी ‘रामूअण्णा’ असे लिहून त्यापुढे रकमेची जागा कोरी ठेवली. तास संपल्यावर मी त्याला ती जागा का भरली नाही म्हणून विचारले. तो स्पर्धा परीक्षेला तिसऱ्यांदा बसणार होता आणि त्याचा थोरला भाऊ उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत साचे भरायच्या कामावर होता. ‘अजून विचारलं नाही सर त्याला,’ तो म्हणाला.